अलिखित शिक्षा

सेवानिवृत्तीचा दिवस दृष्टिपथात आला म्हणजे आम्हां नोकरदारांच्या बैठकीत दोन विषय हटकून निघतात. आपणांस मुदतवाढ मिळेल काय, हा पहिला; आणि अमक्याला ती कशी काय मिळाली, हा दुसरा. दुसरा विषय पहिल्यापेक्षा अधिक रंगतो, हे सांगावयास नकोच. गेल्या हिवाळ्यात आमच्या मंडळाच्या वाचनालयात अशीच एक बैठक जमली असता बोलणे मुदतवाढीवरून निघाले आणि जाऊन पोचले ते थेट अमेरिकेतील बेसबॉलच्या मैदानावर. त्यास कारण आमचे एक स्नेही. त्यांचे चिरंजीव सॅन फ्रान्सिस्को येथे असतात, आणि परदेशी मुलाकडे राहून आलेला मनुष्य तेथील एखादा तरी विषय बरोबर घेऊन येतोच. त्यांनी आणलेला विषय होता बॅरी बाँड्स. "त्रेचाळीस वर्षांचा, नावाला डाग लागलेला, पण हातातली करामत शाबूत असलेला खेळाडू. 2008 साली त्याला एकाही संघाने घेतले नाही. तुमच्या हाती असते तर तुम्ही घेतले असते काय?" असा रोकडा सवाल त्यांनी टाकला. बैठकीत तत्काळ दोन तट पडले आणि चहा निवून गेला. आम्ही त्या दिवशी गप्प राहिलो. प्रश्न खेळाचा आहे असे प्रथम वाटले होते. तो खेळाचा नाही, हे घरी परतताना ध्यानात आले.

ज्यांना हा खेळ परिचित नाही त्यांच्यासाठी चार शब्द. बेसबॉल हा क्रिकेटचा दूरचा भाऊबंद. यातला फलंदाज गोल दांडक्याने चेंडू टोलवतो, आणि तो प्रेक्षकांत जाऊन पडला म्हणजे त्याला होम रन म्हणतात. आपल्या षटकाराप्रमाणे तो दर सामन्यात डझनावारी मिळत नाही. उत्तम फलंदाजासही एका मोसमात तीस-चाळीस मिळाले तर पुष्कळ. चेंडू टाकणाराने चार चेंडू मर्यादेबाहेर टाकले, तर फलंदाजास न मारताच पहिला टप्पा बहाल होतो. बाँड्ससमोर उभे राहण्यापेक्षा त्याला हा टप्पा मुद्दाम देऊन टाकणे प्रतिपक्षाला स्वस्त वाटे. 28 मे 1998 रोजी तर ॲरिझोनाच्या संघाने तिन्ही टप्पे भरलेले असताना, म्हणजे एक धाव डोळ्यांदेखत दान करून, त्याला असे वाटेला लावले. 2004 च्या एका मोसमात त्याला 232 वेळा असा टप्पा मिळाला; त्यांपैकी 120 वेळा तो उघडउघड हेतुपुरस्सर दिलेला होता. विटीदांडूत एखाद्या पोराला सारी आळी भ्यावी, तसा हा प्रकार.

बाँड्सचा जन्म 1964 चा. वडील बॉबी बाँड्स त्याच खेळातले नाणावलेले खेळाडू, आणि धर्मपिता विली मेज. 1986 ते 1992 पिट्सबर्ग आणि 1993 ते 2007 सॅन फ्रान्सिस्को, एवढ्या दोनच संघांकडून तो खेळला. वर्षातील सर्वश्रेष्ठ खेळाडूचा मान त्याने सात वेळा मिळविला, आणि त्यांतले तीन तर कोणालाही त्याच्याविषयी काही शंका येण्यापूर्वीचे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण त्याच्या प्रतिभेविषयी वाद नाही. वाद आहे तो पुढच्या वर्षांविषयी. 2000 पर्यंत ज्याने एका मोसमात 49 च्या वर होम रन केले नव्हते, त्याने 2001 मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, 73 केले. हा उच्चांक आहे. पस्तिशीनंतर खेळाडूची शक्ती उतरणीला लागते. याची चढणीला लागली, आणि देहही डोळ्यांत भरेल इतका रुंदावला. पुढे बाल्को नावाच्या प्रयोगशाळेचे प्रकरण बाहेर आले. स्नायू वाढविणारी उत्तेजक द्रव्ये ती खेळाडूंना पुरवीत असे. 2003 च्या डिसेंबरात बाँड्सला ज्यूरीपुढे साक्षीस जावे लागले. आपण एक मलम आणि एक द्रव वापरले खरे, पण ते जवसाचे तेल आणि सांधेदुखीचे औषध आहे अशी आपली समजूत होती, असे त्याने तेथे सांगितल्याचे पुढील वर्षी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. आमचे मत विचाराल तर, या समजुतीवर विश्वास ठेवणे आम्हांस जड जाते. परंतु आमचे मत म्हणजे निकाल नव्हे.

7 ऑगस्ट 2007 रोजी त्याने 756 वा होम रन मारून हँक ॲरनचा उच्चांक मोडला. या ॲरनची आठवण अमेरिकेत फार हळवी आहे. 1974 मध्ये बेब रूथचा 714 चा आकडा ओलांडताना त्या कृष्णवर्णीय खेळाडूला ठार मारण्याच्या धमक्यांची पत्रे येत असत, आणि त्याने तो सारा काळ सभ्यपणे सोसला. अशा माणसाचा उच्चांक संशयित हातांनी मोडावा, याचे शल्य पुष्कळांना होते. खेळाचे सर्वाधिकारी बड सेलिग हे तीन दिवस आधी, 755 ची बरोबरी झाली तेव्हा, मैदानावर हजर होते. ते उठून उभे राहिले, पण हात खिशातच राहिले.

त्या मोसमात बाँड्सने 28 होम रन केले. दर शंभर पाळ्यांत अठ्ठेचाळीस वेळा तो टप्प्यावर पोचला. हे प्रमाण त्याच्या लीगमध्ये त्या वर्षी सर्वांत अधिक होते. मोसम संपत आला असताना त्याच्या संघाने कळविले की, पुढील वर्षी आपली आवश्यकता नाही. नोव्हेंबरात त्याच्यावर खोटी साक्ष दिल्याबद्दल आणि न्यायकार्यात अडथळा आणल्याबद्दल आरोपपत्र दाखल झाले. 2008 चा मोसम सुरू झाला तेव्हा त्याला कोणी विचारले नाही. तीसही संघांना त्याच्या वतीने विचारणा झाली. आदल्या वर्षी दीड कोटी डॉलरांहून अधिक मोबदला घेणारा हा खेळाडू किमान वेतनावर, म्हणजे 3,90,000 डॉलरांवर, खेळावयास सिद्ध होता. तरीही कोणी होय म्हटले नाही. आणि ज्याअर्थी नाही म्हणावयाचे, त्याअर्थी ते का, हेही कोणी सांगितले नाही.

वय झाले होते, असे म्हणतात. गुडघे गेले होते, धावणे होत नव्हते, हे खरेच. परंतु दोनांपैकी एका लीगमध्ये त्या काळी असा नियम होता की, एका खेळाडूने केवळ फलंदाजी करावी, क्षेत्ररक्षणास उतरूच नये. चौदा संघांत अशी जागा होती, आणि त्या जागांवर याच्या निम्म्यानेही खेळू न शकणारी माणसे बसली होती. तेव्हा वयाचे कारण टिकत नाही. स्वभावाचे कारण सांगतात ते थोडे बरे आहे. बाँड्स उर्मट होता. वार्ताहरांशी तुसडेपणाने वागे. खेळाडूंच्या खोलीत त्याचा कोपरा निराळा, त्यात त्याची स्वतःची आरामखुर्ची. पण हा स्वभाव पंधरा वर्षे सॅन फ्रान्सिस्कोला चालला. ज्याच्या हाताखाली आपण काम केले आहे असा उर्मट पण कर्तबगार साहेब प्रत्येकाच्या आठवणीत असेल. त्याच्या उर्मटपणाचा साक्षात्कार कचेरीला नेमका तो अडचणीत आल्यावरच व्हावा, हा योगायोग आम्हांस तरी नवा नाही.

खरी हरकत निराळी आहे आणि ती भारी आहे. उत्तेजक घेणाराने कोणाचा अपराध केला? प्रेक्षकांचा नव्हे, त्यांची तर करमणूक झाली. त्याने अपराध केला तो न घेणाऱ्याचा. ज्या फलंदाजाने सुई टोचून घेतली नाही, जो त्यामुळे वीस होम रनांवर थांबला आणि बत्तिसाव्या वर्षी दुय्यम संघांच्या बसमधून गावोगाव हिंडून घरी गेला, त्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही. ज्या चेंडू टाकणाराला बाँड्सने चेंडू प्रेक्षकांत पाठवून कायमचा खाली उतरविला, त्याचेही नाही. अशा माणसाच्या कैवाराने जर एखादा संघचालक म्हणाला असता की, "मी बाँड्सला घेणार नाही, कारण मला तो दोषी वाटतो, आणि माझ्या संघात प्रामाणिकपणे राबणाऱ्या पंचवीस जणांना मला तोंड दाखवावयाचे आहे," तर आम्ही त्याला नमस्कार केला असता. तो चुकला असता तरी केला असता. करार करणे हा संघाचा अधिकार आहे. न्यायालयाच्या निकालासाठी थांबलेच पाहिजे असे बंधन त्याच्यावर नाही. कन्या देताना आपण काही पोलिसांचा दाखला पुरेसा मानीत नाही.

परंतु असे कोणी म्हणाले नाही. आणि म्हणणे अवघड होते. 1994 च्या संपाने त्या वर्षीची अंतिम स्पर्धा बुडाली आणि लोक खेळावर रुसले, तेव्हा त्यांना मैदानावर परत आणले ते या होम रनांनीच. 1998 मध्ये मॅग्वायर आणि सोसा यांनी 70 आणि 66 होम रन केले, तेव्हा राष्ट्रभर उत्सव झाला. उत्तेजकांना मनाई करणारे पत्रक 1991 मध्येच निघाले होते, परंतु चाचणी नव्हती. चाचणीचा प्रारंभ 2003 मध्ये झाला आणि शिक्षा त्यानंतर आल्या. सॅन फ्रान्सिस्कोचे 2000 मध्ये उघडलेले मैदान खाजगी पैशावर उभे राहिले, आणि ते भरले बाँड्सने. त्या मैदानाच्या भिंतीपलीकडे खाडी आहे. त्याचा चेंडू पाण्यात पडेल या आशेने लोक छोट्या होड्या घेऊन तेथे ताटकळत असत. या होड्यांचे चित्र आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्या पाण्यात साऱ्यांचेच हात भिजलेले होते.

शिवाय इतरांचे काय झाले तेही पाहिले पाहिजे. 2007 च्या डिसेंबरात माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांचा चौकशी-अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात ऐंशीहून अधिक खेळाडूंची नावे होती. अँडी पेटिट याने दोनच दिवसांत कबूल केले की, 2002 मध्ये दुखापतीच्या वेळी आपण वाढीचे संप्रेरक घेतले होते. तो 2008 मध्ये न्यू यॉर्ककडून खेळला. मॅनी रामिरेझ 2009 मध्ये पन्नास सामन्यांसाठी बाद झाला आणि त्याच वर्षी त्याच संघात परतला. ॲलेक्स रॉड्रिग्ज 2014 चा संपूर्ण मोसम बाहेर राहिला आणि 2015 मध्ये पुन्हा दांडका घेऊन उभा राहिला. यांना क्षमा मिळाली असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणू, यांना शिक्षा मिळाली किंवा कबुलीजबाब मोजला गेला. आणि जी मिळते ती संपते. बाँड्सला खेळाच्या अधिकाऱ्यांनी एका दिवसासाठीही बंदी घातली नाही. म्हणूनच ती कधी उठवताही आली नाही.

या खेळाला दोन्ही प्रकारच्या शिक्षा पूर्वीपासून ठाऊक आहेत. 1919 ची अंतिम स्पर्धा पैसे घेऊन हरल्याचा आरोप शिकागोच्या आठ खेळाडूंवर आला. 1921 मध्ये ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले, आणि दुसऱ्याच दिवशी नवे सर्वाधिकारी, न्यायाधीश केनेसॉ माउंटन लँडिस, यांनी त्यांना जन्मभरासाठी बाद केले. हा निर्णय कठोर होता, काहींच्या बाबतीत अन्यायाचाही असेल. परंतु तो स्वतःच्या नावाने आणि कारण देऊन केलेला होता. म्हणूनच 2025 च्या मे महिन्यात, मृतांवर अशी बंदी चालू ठेवण्यात अर्थ नाही असे ठरवून विद्यमान सर्वाधिकाऱ्यांना ती दूर करता आली, आणि जो जॅक्सन हा त्या आठांतला गुणी खेळाडू मरणोत्तर का होईना, यादीतून मोकळा झाला.

दुसरा प्रकार असा. 1947 मध्ये जॅकी रॉबिन्सन मैदानावर उतरेपर्यंत सहा दशके या खेळाच्या श्रेष्ठ संघांत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. तसा नियम कोठेही लिहिलेला नव्हता. 1942 मध्ये याच लँडिसने जाहीरपणे सांगितले की, काळ्या खेळाडूंना घेऊ नये असा कोणताही नियम नाही, संघांनी खुशाल घ्यावे. शब्दशः ते खरे होते. प्रत्येक मालक आपापल्या पुरता स्वतंत्र होता, आणि प्रत्येक स्वतंत्र मालकाला स्वतंत्रपणे तेच सुचत होते.

ही दोन उदाहरणे एका पंक्तीस बसवीत आहोत असा गैरसमज होऊ नये. त्या खेळाडूंनी काहीएक केले नव्हते. बाँड्सने बहुधा केले होते. साम्य अपराधात नाही, रीतीत आहे. 1985 ते 1987 या वर्षांत मालकांनी संगनमत करून मोकळ्या झालेल्या खेळाडूंना बोलावणे टाळले होते; लवादाने ते सिद्ध मानले, आणि 1990 मध्ये अठ्ठावीस कोटी डॉलर भरून ते प्रकरण मिटवावे लागले. बाँड्सनेही संगनमताची तक्रार केली. ती 2015 मध्ये फेटाळली गेली. तेव्हा न्यायाने आपणांस मानले पाहिजे की, कोणी कोणाला दूरध्वनी केला नाही, कोठे गुप्त बैठक भरली नाही. आमच्या मते ही गोष्ट दिलासा देणारी नसून अधिक विचारात पाडणारी आहे. कट असता तर दोषी सापडले असते. येथे तीस जणांनी तीस वेगवेगळ्या खोल्यांत बसून आपल्यापुरता शहाणपणाचा निर्णय घेतला, आणि त्या तीस शहाणपणांची बेरीज एका माणसाच्या जन्मठेपेएवढी झाली.

आम्हां सरकारी नोकरांना हे गणित समजावून सांगावे लागत नाही. फाईल अकरा टेबलांवरून जाते, प्रत्येक जण तीवर "पाहिले" एवढेच लिहितो, आणि बाराव्या टेबलावर माणसाचे वाटोळे झालेले असते. म्हणूनच तर आपल्याकडे काही कुंपणे घातली आहेत. आरोप सांगितल्यावाचून आणि म्हणणे ऐकल्यावाचून बडतर्फ करता येत नाही. निलंबन ही शिक्षा नव्हे असे आपण म्हणतो, आणि त्या काळात निर्वाहभत्ता देतो. चौकशी चालू असता बढतीचा निर्णय सीलबंद लिफाफ्यात राहतो; परंतु 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, आरोपपत्र बजावल्याखेरीज तो लिफाफा वापरता येणार नाही, नुसती कुजबुज पुरेशी नाही. ही कुंपणे ओलांडणारे महाभाग आपण पाहिले आहेत, त्यांच्या आडोशाने वर्षानुवर्षे सुखाने पेन्शनपर्यंत पोचलेले भ्रष्ट लोकही पाहिले आहेत. आमच्या बैठकीतील एका वडीलधाऱ्यांनी हाच मुद्दा काढला होता: "तुमच्या नियमांनी चोर वाचतात हो. तीस जणांनी न बोलता एका चोराला दार लावले, तर तुमचे काय बिघडले?" त्या दिवशी आम्हांस उत्तर सुचले नाही. आजही पूर्ण सुचले आहे असे नाही. इतकेच म्हणतो की, ज्यांच्याविषयी शेऱ्यात कोणीच काही लिहिले नाही, पण ज्यांना पुढे कोणीच मागून घेतले नाही, अशी दोन माणसे आमच्या परिचयाची होती. एक खरोखरीच लाच खाणारा होता. दुसरा नव्हता. बाहेरून दोघांची स्थिती अगदी सारखी दिसे, आणि दोघांपैकी कोणालाही अपील करावयास कागद नव्हता.

मग घेतले असते काय? होय. 2008 च्या वसंतात चौदांपैकी एखाद्या संघाची सूत्रे आमच्याकडे असती, तर आम्ही त्याला एका मोसमासाठी किमान वेतनावर घेतले असते, इतरांप्रमाणे चाचणीस उभे केले असते, आणि त्या प्रामाणिक पंचवीस जणांना एकत्र बसवून सांगितले असते की, तुमच्यावर अन्याय झाला आहे असे आम्हांस वाटते, आणि तरीही ज्याला नियमाने बाहेर काढलेले नाही त्याला आम्ही नियमाबाहेर काढणार नाही. त्यांच्यातील काहींना हे पटले नसते. एखादा उठूनही गेला असता, आणि त्याला थांबविण्याचा नैतिक अधिकार आम्हांस नसता. आमच्या होकाराची ही किंमत आहे आणि ती थोडी नाही.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. 2011 मध्ये ज्यूरीने त्याला न्यायकार्यात अडथळा आणल्याच्या एका कलमाखाली दोषी ठरविले. खोट्या साक्षीच्या तीन कलमांवर तिचे एकमत झाले नाही. 2015 मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तेही एक कलम रद्द केले. तरुणांपुढे वाईट उदाहरण नको म्हणून ज्याला टाळले असे सांगतात, त्यालाच 2016 च्या मोसमासाठी मायामीच्या संघाने तरुणांना फलंदाजी शिकविण्यास नेमले. 2018 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने त्याचा 25 हा क्रमांक सन्मानपूर्वक निवृत्त केला. कूपर्सटाउन येथील खेळाच्या कीर्तिमंदिरासाठी तीन-चतुर्थांश मते लागतात. 2013 मध्ये त्याला शेकडा 36.2 मिळाली, आणि 2022 मध्ये, दहाव्या आणि शेवटच्या खेपेस, 66. वार्ताहरांनी निदान मतदान तरी केले, आकडे तरी छापले.

कूपर्सटाउनला बाँड्सच्या आधी त्याचा चेंडू पोचला. 756 वा होम रन झालेला तो चेंडू लिलावात साडेसात लाख डॉलरांना एका वेशभूषाकाराने घेतला आणि त्याचे काय करावे याचा कौल त्याने लोकांकडून मागविला. सर्वांत अधिक मते पडली ती त्यावर एक तारांकन उमटवावे या बाजूने. तारांकित प्रश्नांना उत्तरे तयार करण्यात ज्यांच्या रात्री गेल्या आहेत त्या आमच्या वाचकांना या चिन्हाची ओळख करून देण्याचे प्रयोजन नाही. पण तेथे त्याचा अर्थ "खाली टीप पाहा" असा होता. चेंडूवर ती तारका उमटविण्यात आली आणि 2008 च्या उन्हाळ्यात तो संग्रहालयाच्या स्वाधीन झाला. त्याच उन्हाळ्यात तो चेंडू मारणारा माणूस बोलावण्याची वाट पाहत कॅलिफोर्नियात बसून होता.